‘अनॉमली’ला मराठीत नेमके काय म्हणावे?

प्रश्न: कृष्णाकाठ, सांगली

मी सांगलीत राहते आणि इंग्रजीतून मराठीत भाषांतराची लहानमोठी कामे करते. सध्या गर्भवती स्त्रियांसाठीच्या एका चार पानी माहितीपत्रकाचे काम हाती आहे आणि ते एका शब्दापाशी अडले आहे. पाचव्या महिन्यात जी सविस्तर सोनोग्राफी करतात, तिला मूळ पत्रकात ‘अनॉमली स्कॅन’ म्हटले आहे. अशाच एका पत्रकाचे पूर्वी कोणीतरी केलेले मराठी रूप माझ्या पाहण्यात आले होते आणि त्यात ‘विकृती तपासणी’ असे ठळक अक्षरांत छापलेले होते. तीन वर्षांपूर्वी तोच कागद माझ्या भाचीच्या हातात पडला. तिची तपासणी दुसऱ्या दिवशी व्हायची होती, म्हणजे अजून कोणी काही पाहिलेलेही नव्हते, तरी रात्री साडेदहाला तिचा फोन आला आणि पहिलेच वाक्य होते, “मावशी, कागदावर विकृती लिहिलंय, डॉक्टरांना आधीच काही कळलंय का?” तिची समजूत काढताना माझ्या लक्षात आले की, या शब्दाचा अर्थ मलाही धड सांगता येत नाही.

शब्दकोश उघडावेत, तर विसंगती, असंगती, अनियमितता, विकृती, अपवाद, त्रुटी अशी रांग समोर येते, परंतु कोठे कोणता शब्द घ्यावा हे त्यावरून कळत नाही. त्यातच घरातली परिस्थिती अशी की, अभियांत्रिकीला असलेला मुलगा डेटाबेसमधल्या अनॉमली पाठ करतो, निवृत्त झालेले दीर पगारातल्या अनॉमलीबद्दल तावातावाने बोलतात आणि हवामानाच्या बातमीत तापमानाची अनॉमली येते. माझे प्रश्न दोन आहेत. या सगळ्या ठिकाणी हा शब्द एकाच अर्थाने येतो का? आणि ‘अबनॉर्मल’, ‘अबनॉर्मॅलिटी’ यांच्याहून तो वेगळा कसा? उच्चार ‘अ‍ॅनोमली’ की ‘अनॉमली’ हेही कोणी सांगितल्यास बरे होईल, कारण दवाखान्यात मी दोन्ही ऐकले आहेत.

उत्तर: चारभिंती, सातारा

ताई, आधी उच्चाराचे सांगतो. इंग्रजीत जोर दुसऱ्या अक्षरावर, ‘नॉ’वर, आहे, म्हणून ‘अनॉमली’ हे मूळ उच्चाराच्या अधिक जवळचे. आपल्याकडे ‘अ‍ॅनोमली’ रुळले आहे आणि त्याने कोणाचे काही बिघडत नाही.

आता अर्थाकडे येतो. सातारच्या एका शाळेत मी बत्तीस वर्षे इंग्रजी शिकवले आणि ‘अनॉमली’ व ‘अबनॉर्मल’ ही जोडी जवळजवळ प्रत्येक तुकडीत कोणीतरी विचारलेली आहे. कानाला हे शब्द सख्खे वाटतात, पण त्यांची घराणी वेगळी आहेत. ‘अबनॉर्मल’मधला ‘नॉर्मा’ हा लॅटिन शब्द म्हणजे सुताराचा आणि गवंड्याचा गुण्या. दोन भिंती काटकोनात आल्या आहेत की नाहीत हे पाहायला गवंडी जो लोखंडी काटकोन लावतो, तोच हा. ‘नॉर्मल’ म्हणजे गुण्यात बसलेले. भूमितीत ‘नॉर्मल’ म्हणजे लंब हा अर्थ आजही शिल्लक आहे तो त्यामुळेच. ‘अबनॉर्मल’ म्हणजे गुण्याबाहेर गेलेले. बांधकामावरचा मिस्त्री ‘भिंत गुण्यात नाही’ असे म्हणतो, तेव्हा ते निव्वळ वर्णन नसते. भिंत चुकली आहे, उतरवून पुन्हा चढवावी लागेल, हा निकाल त्यात आलेला असतो. ‘अबनॉर्मल’ या शब्दाला हा निकालाचा वास जन्मापासून आहे.

‘अनॉमली’ ग्रीक आहे. त्यात ‘नोमोस’, म्हणजे नियम किंवा कायदा, हा शब्द आहे असे पुष्कळांना वाटते, कारण ‘अ‍ॅस्ट्रॉनॉमी’ आणि ‘इकॉनॉमी’मध्ये तो खरोखरच आहे. ‘अनॉमली’त मात्र तो नाही. तिची फोड ‘अन्’ अधिक ‘होमालोस’ अशी आहे आणि ‘होमालोस’ म्हणजे सपाट, एकसारखे, समतल. म्हणजे मूळ कल्पना खाचखळग्याची आहे. एका सरळ पातळीवर कोठेतरी उंचवटा किंवा खड्डा लागला, एवढेच हा शब्द सांगतो. तो खड्डा कोणाच्या चुकीने पडला, तो बुजवावा की ठेवावा, याबद्दल तो गप्प आहे.

येथे मराठी माणसाला गंमत वाटावी अशी एक गोष्ट आहे. ‘होमालोस’ हा ‘होमोस’ या शब्दापासून आला आणि ‘होमोस’ म्हणजे आपला ‘सम’. संस्कृतात जेथे ‘स’ असतो तेथे ग्रीकमध्ये पुष्कळदा ‘ह’ येतो, जसे सप्त आणि हेप्टा. तेव्हा ‘अनॉमलोस’चे शब्दशः जुळे भावंड आपल्याकडे आहे आणि ते म्हणजे ‘विषम’. घडणही तीच, आणि मूळ अर्थही तोच: विषम भूमी म्हणजे उंचसखल जमीन. पण हा शब्द आता मोकळा राहिलेला नाही. विषम संख्या गणिताने घेतली, विषमज्वर म्हटले की टायफॉइड, आणि ‘विषमता’ म्हणताच डोळ्यांसमोर श्रीमंत-गरिबांमधले अंतर उभे राहते. सर्वांत नेमका शब्द दारात असूनही त्याला घरात घेता येत नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

या दोन घराण्यांची गल्लत आपणच करतो असे नाही. मध्ययुगीन लॅटिनमध्ये ‘अनॉमलस’ला ‘नॉर्मा’ची कलम लागून ‘अनॉर्मलस’ असे रूप तयार झाले, ते फ्रेंचमधून इंग्रजीत ‘अनॉर्मल’ म्हणून आले आणि एकोणिसाव्या शतकात त्याचे ‘अबनॉर्मल’ झाले. म्हणजे आज कानाला जे नाते जाणवते, ते एका जुन्या चुकीचे फळ आहे.

वापरातला भेद असा. ‘अबनॉर्मल’ हे विशेषण आहे आणि ते एखाद्या वस्तूच्या किंवा माणसाच्या अंगाला चिकटते. ‘अनॉमली’ हे नाम आहे. ते बोट ठेवून दाखवता येते, मोजता येते, ‘येथे एक अनॉमली आहे’ असे म्हणता येते. माणसाला कोणी ‘अबनॉर्मल’ म्हटले तर भांडण होईल. ‘तो आमच्या घराण्यातला अनॉमली आहे, सगळे वकील आणि हा एकटा पैलवान’ असे म्हटले तर तो स्वतःही हसेल.

शाळेतली दोन उदाहरणे देऊन थांबतो. आमच्या वेळच्या इंग्रजी व्याकरणात ‘अनॉमलस फायनाइट्स’ नावाचे प्रकरण असे. ‘अ‍ॅम’, ‘इज’, ‘आर’पासून ‘ऑट’, ‘नीड’, ‘डेअर’, ‘यूज्ड’पर्यंत अशी चोवीस रूपे पाठ करावी लागत. त्यांना ‘नॉट’ थेट जोडता येतो आणि प्रश्न विचारताना ती कर्त्याच्या आधी येऊन बसतात. बाकीच्या हजारो क्रियापदांना हे जमत नाही. या चोवीस रूपांना चुकीची म्हणण्याची कोणाची छाती आहे? भाषेचा निम्मा भार तीच वाहतात. दुसरे उदाहरण विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकातले, ‘पाण्याचे असंगत आचरण’. इतर द्रव थंड होताना आकुंचन पावत राहतात आणि पाणी मात्र 4 अंश सेल्सिअसच्या खाली पुन्हा प्रसरण पावू लागते. हे दाखवणारे शाळेतले होपचे उपकरण सर्वांना आठवत असेल. गोठलेल्या तळ्याच्या बुडाशी मासे जिवंत राहतात ते या असंगत आचरणामुळेच, तेव्हा त्याला ‘पाण्याची विकृती’ म्हणणे किती विपरीत झाले असते ते पाहा.

‘विकृती’ हा शब्द मुळात वाईट नव्हता, हेही जाता जाता नोंदवतो. प्रकृतीत झालेला बदल एवढाच त्याचा अर्थ. पॅथॉलॉजीला विकृतिविज्ञान म्हणतात ते त्याच अर्थाने, आणि साठ संवत्सरांत एकाचे नावही विकृती आहे, शके 1932 मध्ये ते येऊन गेले. पण वर्तमानपत्रांनी ‘विकृत मनोवृत्ती’ इतक्या वेळा छापली की, आता तो शब्द गर्भातल्या बाळाजवळ नेऊ नये.

उत्तर: तानपुरा, मिरज

मी मिरजेत सोनोग्राफी करतो. सरांच्या उत्तरातला निकालाचा मुद्दा वैद्यकात जसाच्या तसा लागू पडतो, म्हणून त्याच्या पुढचे लिहितो.

आमच्याकडे ‘अनॉमली’ हा शब्द जवळजवळ नेहमी रचनेबद्दल येतो, तोही जन्मजात रचनेबद्दल. रक्तातली साखर वाढली तर अहवालात ‘अबनॉर्मल’ लिहितील, ‘साखरेची अनॉमली’ असे कोणी लिहिणार नाही. हृदयाची एक झडप जन्मतःच खाली सरकलेली असेल, तर तिला ‘एब्स्टाइन अनॉमली’ म्हणतात. विल्हेल्म एब्स्टाइन यांनी 1866 मध्ये तिचे वर्णन केले होते. अवयवाचे काम बिघडले असेल, तर तिसराच शब्द, ‘डिसऑर्डर’. रचना, आकडा आणि काम अशा तीन वेगळ्या गोष्टींसाठी हे तीन शब्द आहेत आणि मराठीत आपण तिन्हींना ‘दोष’ म्हणून मोकळे होतो.

‘अबनॉर्मल’ आकड्याबद्दल थोडे सविस्तर सांगावेसे वाटते, कारण त्यापायी लोक विनाकारण झोप घालवतात. रक्ततपासणीच्या कागदावर उजव्या बाजूला जी मर्यादा छापलेली असते, ती बहुतेक वेळा निरोगी माणसांची रक्ते तपासून, मधल्या 95 टक्के लोकांचे आकडे सामावतील अशी आखलेली असते. म्हणजे ठणठणीत असलेल्या दर वीस माणसांमध्ये एकाचा आकडा त्या रेषेबाहेर जाणार, हे ती रेषा आखतानाच ठरलेले असते. एकाच माणसाच्या वीस वेगवेगळ्या तपासण्या केल्या, तर एखाद्या आकड्यापुढे तारा किंवा ठळक अक्षर येण्याची शक्यता निम्म्याहून पुष्कळ जास्त होते. येथे ‘अबनॉर्मल’चा अर्थ ‘रेषेबाहेर’ एवढाच असतो आणि वाचणारा तो ‘आजारी’ असा घेतो.

उलट बाजूने, ‘अनॉमली’ असूनही माणूस ठणठणीत असू शकतो. हृदय उजवीकडे, यकृत डावीकडे, म्हणजे सगळे अवयव आरशातल्यासारखे उलटे, अशी रचना असलेली कित्येक माणसे आयुष्यभर निरोगी राहतात आणि दुसऱ्याच कशासाठी फोटो काढला तेव्हा ते उघडकीस येते. ही अनॉमली खरी, पण तिला आजार म्हणता येणार नाही.

कायद्याच्या भाषेतही ही विभागणी दिसते. गर्भलिंगनिदानाला बंदी करणाऱ्या 1994 च्या कायद्यात, प्रसूतिपूर्व तपासणी कशाकशासाठी करता येईल याची यादी आहे. तिच्यात गुणसूत्रांना ‘अबनॉर्मॅलिटीज’ लावले आहे आणि जन्मजात रचनादोषांना ‘अनॉमलीज’. गर्भपाताच्या कायद्यात 2021 मध्ये जी दुरुस्ती झाली, तिच्यात 24 आठवड्यांनंतर वैद्यकीय मंडळाने निर्णय द्यायचा असतो, तेथे मात्र ‘गंभीर अबनॉर्मॅलिटी’ असाच शब्द योजला आहे. मला हे योग्य वाटते. तेथे निकालच द्यायचा आहे, तेव्हा निकालाचा शब्द हवा.

आता ताईंच्या पत्रकाबद्दल. ही सोनोग्राफी साधारण 18 ते 20 आठवड्यांच्या दरम्यान, काही ठिकाणी 22 पर्यंत करतात. तिच्यात डोके, चेहरा, पाठीचा कणा, हृदयाचे चार कप्पे, पोटाची भिंत, मूत्रपिंडे, हातपाय आणि वार, हे क्रमाने पाहिले जाते. नाव शोधाच्या हेतूवरून पडले आहे, पण प्रत्यक्षात आम्ही जवळजवळ सगळा वेळ व्यवस्थित असलेल्या गोष्टी ‘व्यवस्थित’ म्हणून नोंदवण्यात घालवतो. म्हणून माझा आग्रह असा की, नाव ‘गर्भाच्या रचनेची तपासणी’ असे द्यावे आणि आत मजकुरात ‘जन्मजात व्यंग’ हा शब्द येऊ द्यावा. ‘व्यंग’ लोकांना कळते, अंगणवाडीच्या आणि शाळेच्या आरोग्य तपासणीतून ते घरोघरी पोचलेले आहे. आणखी एक अडचण म्हणजे, या सोनोग्राफीत कधीकधी ‘सॉफ्ट मार्कर’ नावाच्या बारीक खुणा दिसतात, जसे हृदयातला एखादा चमकदार ठिपका. यांतल्या पुष्कळ खुणा पुढे आपोआप नाहीशा होतात आणि ती व्यंगे मुळीच नसतात. त्यांना कृपया कोणी ‘किरकोळ विकृती’ लिहू नये.

उत्तर: प्रीतिसंगम, कराड

भूगर्भशास्त्र आणि हवामान या दोन्ही शाखांत ‘अनॉमली’ म्हणजे वजाबाकी. जे मोजले त्यातून जे अपेक्षित होते ते वजा करा. जे उरते ती अनॉमली. ती अधिक असेल किंवा उणे असेल, तिला चांगले-वाईट नाही.

पावसाचे उदाहरण आपल्या दोन जिल्ह्यांइतके सोपे क्वचितच कोठे मिळेल. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि माण-आटपाडीकडे पाचशेच्या आसपास. एखाद्या वर्षी दोन्हीकडे हजार मिलिमीटर पडला, तर महाबळेश्वरला तो भीषण अवर्षणाचा आकडा ठरेल आणि आटपाडीत म्हातारी माणसे असा पाऊस पाहिला नाही म्हणतील. म्हणून नुसत्या आकड्याला अर्थ नसतो. भारतीय हवामान विभाग सरासरीपासूनचा टक्केवारीतला फरक देतो: उणे 19 ते अधिक 19 पर्यंत सर्वसाधारण, उणे 20 ते उणे 59 तूट, त्याखाली मोठी तूट, आणि वरच्या बाजूलाही अशाच पायऱ्या. शिवाय ज्या सरासरीतून वजाबाकी करायची, ती सरासरीही कायमची नसते. देशाच्या मोसमी पावसाची दीर्घकालीन सरासरी 1961 ते 2010 या काळावरून 88 सेंटिमीटर धरत असत, आता 1971 ते 2020 वरून 87 धरतात. ढगांनी काही न करता अनॉमली थोडी बदलली ती अशी. बातमीत ‘तापमानातील विसंगती’ असे छापून येते तेव्हा मला हसू येते, कारण तापमानाने कोणाशी विसंगत बोलायचे? ‘सरासरीपेक्षा 2 अंश जास्त’ एवढे लिहिले की काम झाले, नामाची गरजच नाही.

जमिनीखालची वजाबाकी जास्त नाजूक असते. गुरुत्वाकर्षणाचे मोजमाप करताना जो फरक पकडायचा, तो मूळ आकड्याच्या दहा लाखांत एक एवढा बारीक असतो. त्या एककाला मिलिगॅल म्हणतात. आधी अक्षांशाचा परिणाम वजा करायचा, मग उंचीचा, मग आपण उभे आहोत त्या पातळीपासून समुद्रसपाटीपर्यंतच्या खडकाचा. एवढे सगळे काढून जे उरते, त्याला अठराव्या शतकातल्या पिएर बूगे या फ्रेंच शास्त्रज्ञावरून बूगे अनॉमली म्हणतात. आकडा उणे आला, तर खाली अपेक्षेपेक्षा हलका खडक आहे असे समजायचे. 11 डिसेंबर 1967 चा कोयनेचा भूकंप झाल्यापासून या भागात अशी मोजमापे पुष्कळ झाली आहेत. पुढे गोठणे येथे सुमारे 3 किलोमीटर खोल विंधणविवर घेतले, तेव्हा जवळपास सव्वा किलोमीटर काळा पाषाण ओलांडल्यावर खालचा ग्रॅनाइटसारखा जुना खडक लागला. वरून वजाबाकी करून अंदाज बांधायचा आणि मग भोक पाडून पाहायचे, असे ते काम आहे. येथे ‘गुरुत्व विसंगती’ हा शब्द अभ्यासकांत रुळला आहे, तो मी बदलू पाहणार नाही.

उत्तर: जुना लेखनिक, वाई

ताईंच्या दिरांच्या बाजूने मी लिहितो. सरकारी नोकरांच्या मराठीत याला पक्का शब्द आहे, ‘वेतनत्रुटी’, आणि प्रत्येक वेतन आयोगामागोमाग वेतनत्रुटींसाठी समिती येते. त्रुटी कशी होते ते सांगतो. राज्यात सातवा वेतन आयोग 1 जानेवारी 2016 पासून लागू धरला. समजा, ज्येष्ठ लेखनिकाची पदोन्नती त्या तारखेच्या आधी झाली आणि कनिष्ठाची नंतर. दोघांची वेतननिश्चिती नियमाप्रमाणे बिनचूक करूनही कनिष्ठाचा पगार ज्येष्ठापेक्षा जास्त निघू शकतो. मग ज्येष्ठाचे वेतन कनिष्ठाच्या बरोबरीला आणण्यासाठी अर्ज, पुन्हा अर्ज आणि स्मरणपत्रे.

मला ‘त्रुटी’ या शब्दाबद्दल एकच तक्रार आहे. त्रुटी म्हटले की, कोणा कारकुनाने हिशेब चुकवला असे वाटते. येथे हिशेब बरोबर असतो, नियमही बरोबर असतो आणि तरी निकाल कोणालाही पटत नाही. पण शब्द एवढा मुरलेला आहे की, ‘वेतन-असंगती’ असे लिहिले तर कोषागारातला माणूस अर्ज परत करील.

उत्तर: ध्रुवतारा, तासगाव

वरच्या सर्व अर्थांच्या आधीचा एक अर्थ राहिला. खगोलशास्त्रात ‘अनॉमली’ हा ग्रह कक्षेत कोठे आहे हे सांगणारा एक कोन आहे, आणि त्यात काहीही अनपेक्षित नसते.

झाले असे की, ग्रह आकाशात एकसारख्या वेगाने चालत नाहीत, हे टॉलेमीसारख्या ग्रीक ज्योतिर्विदांना ठाऊक होते आणि त्या असमान गतीला ते ‘अनोमालिया’ म्हणत. ही असमानता ज्या कोनावरून काढायची, त्या कोनालाच पुढे तेच नाव चिकटले. केप्लरने 1609 मध्ये ग्रहांच्या कक्षा लंबवर्तुळाकार असल्याचे मांडले, तेव्हा असमानतेचे कोडे सुटले, पण नाव राहून गेले. असमानता पाहायची असेल, तर कॅलेंडर पुरेसे आहे. 21 मार्चपासून 23 सप्टेंबरपर्यंतचे दिवस मोजा, 186 भरतात. तेथून पुढच्या 21 मार्चपर्यंत 179. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते आणि वेगाने पळते, म्हणून हिवाळ्याकडचे अर्धे वर्ष आठवड्याने आखूड आहे. चंद्र उपभू बिंदूपासून, म्हणजे कक्षेतल्या पृथ्वीच्या सर्वांत जवळच्या बिंदूपासून, पुन्हा उपभू बिंदूपर्यंत साडेसत्तावीस दिवसांहून किंचित जास्त काळात येतो, त्याला ‘अनॉमलिस्टिक’ महिना म्हणतात. त्यात नवल काही नाही, दर महिन्याला तेच घडते.

आपल्या जुन्या ज्योतिर्गणिताच्या सिद्धान्तग्रंथांत या कोनाला ‘मंदकेंद्र’ म्हणतात आणि त्यावरून येणाऱ्या दुरुस्तीला ‘मंदफल’. यातला ‘केंद्र’ हा शब्दच ग्रीक ‘केंत्रोन’वरून आलेला आहे. म्हणजे ग्रीकांकडून शब्द घेतला, पण ‘अनोमालिया’ हा मात्र तेथेच ठेवून आलो. तेव्हा खगोलावरचा मजकूर असेल, तर तेथे ‘विसंगती’ हे सरळ चूक आहे, मंदकेंद्रच लिहावे.

एक अपवाद सांगतो. बुधाचा उपसूर्य बिंदू, म्हणजे कक्षेतला सूर्याच्या सर्वांत जवळचा बिंदू, आजच्या मोजणीने शतकात 43 विकलांनी (विकला म्हणजे अंशाचा 3600 वा भाग) जास्त सरकतो आणि न्यूटनच्या नियमाने त्याचा हिशेब लागत नाही, हा प्रकार ले व्हेर्ये यांनी 1859 मध्ये दाखवला आणि आइन्स्टाइन यांनी 1915 मध्ये उलगडला. यालाही अनॉमलीच म्हणतात, पण येथे अर्थ कराडच्या सदस्यांनी सांगितलेल्या वजाबाकीचा आहे. उरलेली बाकी एवढी छोटी आणि तिच्यासाठी गुरुत्वाकर्षणाची उपपत्तीच बदलावी लागली.

प्रतिसाद: कृष्णाकाठ, सांगली

सर्वांचे मनापासून आभार. डेटाबेसचे कोडे मुलानेच सोडवले आणि ते ऐकताना वाईच्या काकांचा मुद्दा मला पुन्हा आठवला. त्याने दूध संस्थेच्या वहीचे उदाहरण दिले. प्रत्येक पाळीच्या नोंदीत सभासदाचे नाव, गाव आणि बँक खाते पुन्हा पुन्हा लिहिले, तर खाते बदलल्यावर एका ओळीत नवे आणि बाकी ओळींत जुने राहते. ज्याची एकच नोंद होती ती खोडली, तर त्याचा पत्ताही जातो. आणि नव्या सभासदाने पहिल्यांदा दूध घातल्याशिवाय त्याचे नाव लिहायला वहीत जागाच नसते. कारकून कितीही काळजीने लिहो, वहीच्या आखणीतच ही गडबड दडलेली आहे. यावरचा उपाय म्हणजे सभासदांची वही वेगळी आणि दुधाची वेगळी. एडगर कॉड यांनी 1970 च्या सुमारास मांडलेल्या या पद्धतीला ‘नॉर्मलायझेशन’ म्हणतात. सर, येथे तुमचा गुण्या पुन्हा हजर झाला! या ठिकाणी मी ‘विसंगती’ ठेवणार आहे, कारण एका ओळीची दुसरीशी संगती खरोखरच तुटलेली असते.

पत्रकासाठी डॉक्टरांची सूचना घेऊन असा मसुदा केला आहे: ‘पाचव्या महिन्यात बाळाच्या रचनेची सविस्तर सोनोग्राफी करतात. दवाखान्यात तिला अनॉमली स्कॅन म्हणतात. बाळाचे अवयव नीट तयार झाले आहेत ना आणि काही जन्मजात व्यंग नाही ना, हे या तपासणीत कळते.’

प्रतिसाद: चारभिंती, सातारा

मसुदा चांगला आहे. फक्त पहिल्या दोन वाक्यांची अदलाबदल करून पाहा. बाईंच्या हातातल्या चिठ्ठीवर ‘अनॉमली स्कॅन’ लिहिलेले असणार, त्यांना आधी तो शब्द ओळखू येऊ द्या आणि मग त्याचा अर्थ सांगा.

प्रतिसाद: तानपुरा, मिरज

माझी हरकत शेवटच्या वाक्यातल्या ‘कळते’ या शब्दाला आहे. हृदयाची काही व्यंगे या वेळी दिसत नाहीत, काही पुढच्या महिन्यांत तयार होतात, आणि बाळ कसे वळलेले आहे यावरही पुष्कळ अवलंबून असते. आमच्या अहवालात ‘उघड अशी कोणतीही अनॉमली आढळली नाही’ या अर्थाचे इंग्रजी वाक्य असते. त्याचे मराठी ‘बाळात काही दोष नाही’ असे झालेले मी पाहिले आहे आणि त्यावरून वाद झालेलेही पाहिले आहेत. ‘कळते’च्या जागी ‘पाहिले जाते’ करावे आणि पुढे एक वाक्य घालावे: ‘या तपासणीत व्यंग दिसले नाही, तरी सगळीच व्यंगे सोनोग्राफीत दिसतात असे नाही.’ भाचीबाईंसाठी आणखी एक ओळ हवी असल्यास, ही तपासणी सर्वच गर्भवतींना सांगितली जाते, हे अगदी पहिल्या वाक्यात लिहा.